मोटारसायकलवरून लॉजभेट: चिपळूणच्या पुढच्या फेरीसंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा क्लब मोटारसायकल चालवणाऱ्या फ्रीमेसन बंधूंचा आहे. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर अशा तीन ठिकाणांहून निघून आम्ही दर हिवाळ्यात कोकणातल्या एका लहान लॉजच्या मासिक सभेला पाहुणे म्हणून जातो. सभेचे गाव चिपळूणहून किनाऱ्याच्या दिशेने तासाभराच्या अंतरावर आहे. गावाचे नाव आणि सभेची वेळ नोंदणी केलेल्यांनाच कळवली जाते. प्रवासाची आखणी गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे तेच ते प्रश्न मला फोनवर पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाची येथे लिहून ठेवली आहेत.

लॉज म्हणजे मुक्कामाचे लॉज का?

नाही. हा प्रश्न हसण्यावारी मात्र नेता येत नाही, कारण मराठीत लॉज म्हटले की एसटी स्टँडसमोरची खोल्यांची पाटीच डोळ्यांपुढे येते. आमच्या एका सदस्याच्या सासऱ्यांनी तर लग्नानंतर वर्षभर, जावई दर महिन्याला ‘लॉजवर’ कशासाठी जातात, याची चिंता मनातच ठेवली होती. फ्रीमेसनरीत लॉज म्हणजे सभासदांची एक शाखा, आणि ओघाने ती जेथे भरते ती जागा. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठी दगडी बांधकामे चालत, तेव्हा गवंडी कामाच्या लगत एक पडवी उभारून तिच्यात दगड घडवत, हत्यारे ठेवत आणि जेवत. त्या पडवीला लॉज म्हणत, आणि तेच नाव पुढे चालत आले.

फ्रीमेसनरी म्हणजे नेमके काय?

गवंड्यांच्या हत्यारांना आचरणाची प्रतीके मानून चालणारी ही बंधुसंस्था आहे. लंडनमधल्या चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी गूज अँड ग्रिडआयर्न नावाच्या मद्यालयात एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवर देखरेख करणारी मध्यवर्ती संस्था, स्थापन केली, आणि आजच्या संघटित स्वरूपाची सुरुवात तेथून धरतात. त्याच शतकात फ्रीमेसनरी ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला पोहोचली, परंतु भारतीयांना तिची दारे सहजासहजी उघडली नाहीत. मुंबईच्या माणकजी कर्सेटजी यांना दीक्षा घेण्यासाठी पॅरिस गाठावे लागले, आणि भारतीयांना प्रवेश मिळावा या हेतूने १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेतली होती. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली.

कोकणातल्या माणसाला ही प्रतीके समजावून सांगावी लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गुण्या, ओळंबा आणि पाणसळ ही तीन साधने ज्याने घर बांधताना पाहिली आहेत, त्याला काटकोनात वागणे, उभ्या रेषेत सरळ राहणे आणि सगळ्यांना एका पातळीवर मानणे म्हणजे काय, हे एका वाक्यात कळते. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि एक घडवून गुळगुळीत केलेला. शहरातल्या लॉजमध्ये हे दगड बहुधा संगमरवरी आणि शोभेचे असतात. आम्ही जातो त्या लॉजमध्ये दोन्ही जांभ्याचे चिरे आहेत. ओबडधोबड चिऱ्यावर टिकावाचे तिरपे घाव स्पष्ट दिसतात आणि त्याला हात लावला की बोटांना तांबडी पूड लागते. यंत्राने चिरे कापायला लागण्यापूर्वीचा, हाताने काढलेला तो दगड आहे, असे तेथल्या सेक्रेटरींनी आम्हांला सांगितले. मी पाहिलेल्या सगळ्या लॉजमधल्या दगडांत मला तोच सर्वांत खरा वाटतो.

याचा मोटारसायकलशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जुना आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या खेड्यांतील अनेक लॉज आपली सभा पौर्णिमेच्या आसपास भरवत असत. कारण साधे होते. सभासद घोड्यांवरून लांबून येत आणि रात्री परतताना त्यांना चांदण्याखेरीज दुसरा दिवा नसे. अशा लॉजना चंद्रलॉज म्हणण्याची पद्धत होती. म्हणजे खोगीर टाकून दूरच्या सभेला जाणे हा या संस्थेचा मूळचाच स्वभाव आहे, आम्ही फक्त वाहन बदलले.

मेसन मोटारसायकलस्वारांच्या संघटना जगात अनेक आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झालेली ‘विडोज सन्स’ ही त्यांतली सर्वांत परिचित होय. ‘विधवेचे पुत्र’ हे नाव बायबलमधल्या हीरामवरून आले आहे. शलमोन राजाच्या मंदिराचे पितळी काम करणारा तो कारागीर नफताली वंशातल्या एका विधवेचा मुलगा होता, आणि मेसनरीच्या कथेत त्याला मध्यवर्ती स्थान आहे. दिवंगत बंधूंच्या पत्नी आणि मुले यांना मदत करणे हे त्या संघटनेचे काम आहे. आमचा क्लब लहान आणि स्वतंत्र आहे. नावाची उसनवारी आम्ही केलेली नाही, कामाची मात्र केली आहे.

मुंबईत मोठ्या लॉज असताना इतक्या लांब, लहान लॉजलाच का जायचे?

लॉज चालवायला माणसे लागतात म्हणून. लॉजचा प्रमुख म्हणजे मास्टर, त्याचे सहायक दोन वॉर्डन, सेक्रेटरी, खजिनदार, निरोप पोहोचवणारे दोन डीकन, आतला रक्षक आणि दाराबाहेर पहारा देणारा टायलर, एवढी आसने भरली म्हणजे सभा नीट चालते. ‘तिघे चालवतात, पाचजण धरून ठेवतात, सातजण पूर्ण करतात’ असे लॉजच्या संख्येविषयी जुने वचन आहे. या लॉजच्या यादीत नावे पुष्कळ आहेत, पण निम्मी मंडळी नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात, काही आखातात, आणि जी गावात आहेत त्यांतल्या तिघांची सत्तरी उलटलेली. कोकणातल्या बंद घरांची जी गोष्ट आहे तीच येथे आसनांची आहे. पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा एकच वृद्ध बंधू सीनियर डीकनची काठी एका हातात आणि ज्युनियर डीकनची दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही कामे करत होते. विधीतल्या वाक्यांची त्यांची पाठांतरे अचूक होती, एकही शब्द अडखळला नाही, फक्त धाप लागत होती. त्या दिवसापासून आम्ही प्रेक्षक म्हणून जाणे बंद केले. आता जाण्यापूर्वी सेक्रेटरींना फोन करून कोणती आसने रिकामी आहेत ते विचारतो, आणि आपल्यापैकी ज्यांना ते काम पाठ आहे त्यांची नावे कळवतो.

म्हणून नोंदणी करताना आपल्याला कोणते काम येते ते अवश्य लिहावे. ‘काहीही चालेल’ असे लिहिणाऱ्यांचा उपयोग होत नाही.

सभेला कोणाला बसता येते?

क्लबचे सभासदत्व मेसनरीतल्या तीन पदव्यांपैकी तिसरी पदवी झालेल्या मास्टर मेसन बंधूंनाच मिळते. प्रवासात मित्र म्हणून कोणीही येऊ शकतो, परंतु जो मेसन नाही त्याला सभागृहात जाता येत नाही.

दारावर काय तपासतात?

आपण नियमित, म्हणजे ग्रँड लॉजने मान्य केलेल्या, लॉजचे सभासद आहात आणि वर्गणी थकलेली नाही, एवढे सिद्ध करावे लागते. त्यासाठी ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र आणि चालू वर्षाच्या वर्गणीची पावती किंवा कार्ड, दोन्ही मूळ स्वरूपात आणावीत. मोबाइलमधला फोटो दाखवून चालते की नाही यावर दारात वाद घालू नये. आपल्याला सभेत पाहिलेला एखादा बंधू तेथे असेल तर त्याची ग्वाही पुरते, नसेल तर बाजूला नेऊन काही प्रश्न विचारले जातात.

काही तरुण सभासदांना ही तपासणी अपमानास्पद वाटते. माझे मत उलट आहे. सहा-सात तास गाडी चालवून, तोंडावर धुळीचा थर आणि डोक्यावर हेल्मेटने चपटे झालेले केस घेऊन जो अनोळखी माणूस दाराशी उभा राहतो, त्याला न तपासता आत घेणारा टायलर आपले काम करत नाही. तेथले टायलर पूर्वी पोस्टात होते, आणि प्रमाणपत्र हातात घेतल्यावर ते आधी उलट बाजू पाहतात, मग नाव, मग सही, मग परत आपला चेहरा. या सगळ्याला वेळ लागतो. वीस जणांची तपासणी सभेच्या दहा मिनिटे आधी होऊ शकत नाही, म्हणून आपण सव्वा तास आधी पोहोचतो.

पोशाखाचे काय? जॅकेटवर आत जाता येईल का?

येणार नाही. रायडिंग जॅकेट, पाठीवर बिल्ले लावलेले जाकीट, गुडघ्यांचे संरक्षक आणि बूट हे सर्व मागच्या खोलीत उतरवून ठेवायचे आहे. सभेसाठी गडद सूट किंवा बंद गळ्याचा कोट, पांढरा सदरा, काळे बूट, पांढरे हातमोजे आणि गवंड्यांच्या आठवणीचा, कमरेला बांधायचा एप्रन लागतो. क्लबचा बिल्ला कोटाला लावू नये. तेथे आपण क्लबचे स्वार नसून त्या लॉजचे पाहुणे असतो.

सूट गाडीवरून नेणे ही एक कला आहे आणि ती बहुतेकांना पहिल्या खेपेस जमत नाही. कोट आतली बाजू बाहेर काढून, एक खांदा दुसऱ्यात घालून, टर्किश टॉवेलभोवती सैल गुंडाळावा आणि ड्राय-क्लीनिंगच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून बॅगेत सर्वांत वर ठेवावा. घडी घालून तळाशी ठेवलेला कोट चिपळूणला पोहोचेपर्यंत पापडासारखा मुडपतो. एप्रन मात्र कधीही गुंडाळू नये. तो कोकराच्या कातड्याचा असतो, त्याला एकदा मोड पडली की ती जात नाही. तो सपाट ठेवण्यासाठी मी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठीवरच्या सॅकमध्ये, लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवतो. किनारपट्टीची हवा दमट असल्याने रात्री मुक्कामावर एप्रन बाहेर काढून वाऱ्यावर ठेवावा, नाही तर बुरशीचे ठिपके धरतात. पांढऱ्या हातमोज्यांचा एक जादा जोड जवळ असावा. जांभ्याच्या भिंतीला नुसता हात टेकला तरी मोजा तांबडा होतो.

पत्नी आणि मुले बरोबर आली तर?

अवश्य यावीत. सभेच्या वेळेत त्यांना बसता येत नाही, कारण इंग्लिश परंपरेच्या नियमित लॉज पुरुषांच्याच आहेत. स्त्रियांना प्रवेश देणारी मेसनरी वेगळी आहे. तिची सुरुवात १८९३ मध्ये पॅरिसमध्ये झाली आणि ती भारतात आणण्यात अॅनी बेझंट यांचा मोठा वाटा होता. या भेटीत स्थानिक बंधूंच्या घरच्या मंडळींबरोबर दुपारचा वेगळा कार्यक्रम असतो, आणि रात्रीचे जेवण सर्वांचे एकत्र असते. मागच्या सीटवर बसणाऱ्या व्यक्तीलाही हेल्मेट सक्तीचे आहे. कायद्याने आहेच, क्लबच्या नियमानेही आहे.

तेथे जादूटोणा किंवा धर्मविरोधी काही चालते का?

नाही. उत्तर भारतात लॉजच्या इमारतींना लोक जादूघर म्हणत आले आहेत, आणि आम्ही जातो त्या इमारतीलाही शेजारची मुले भूतबंगला म्हणतात. त्याचे मुख्य कारण असे की ती महिन्यातून एकदाच संध्याकाळी उघडते आणि तिच्या खिडक्या मिटलेल्या असतात. सभासद होण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा असावी लागते आणि प्रत्येकजण आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून वचन देतो. ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या मुद्रेवरच पाच धर्मग्रंथ आहेत. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई आहे. कोकणी माणसाने निवडणुकीच्या हंगामात दोन तास राजकारणावर गप्प बसावे, हीच त्या इमारतीतली खरी जादू आहे, असे तेथले मास्टर म्हणतात.

मार्ग कोणता?

मुंबईची तुकडी पनवेल, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड असे करत राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून, कशेडी आणि मग परशुराम घाट ओलांडून चिपळूणला येते. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे. पुण्याची तुकडी सातारा रस्त्याने उंब्रजला वळते आणि पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरते. कोल्हापूरची मंडळी आंबा घाटाने साखरपा, देवरूख आणि संगमेश्वरमार्गे येतात. महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे चालू असल्याने कालचा रस्ता आज वळवलेला असू शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तुकडीप्रमुखाचा निरोप पाहावा. पेट्रोल चिपळूणला भरून घ्यावे. ज्यांच्या चाकांना तारा आहेत, म्हणजे बहुतेक बुलेट आणि जावावाले, त्यांनी जादा ट्यूब बाळगावी, कारण पुढच्या गावांतल्या पंक्चरवाल्याकडे आपल्या मापाची मिळेलच असे नाही.

घाटात एकेरी रांग ठेवायची. सपाट रस्त्यावर डावी-उजवी अशी आलटून-पालटून. पुढच्या आणि शेवटच्या स्वाराला ओलांडून कोणी जायचे नाही. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

गावात शिरताना ‘इंजिन शांत’ हा नियम इतका कडक का?

कारण आमच्याकडून एकदा चूक झाली. दुसऱ्या वर्षी आम्ही बावीस गाड्या एका ओळीत, हेडलाइट लावून, जणू मिरवणूक असल्यासारख्या गावातून नेल्या. दोघांच्या गाड्यांना बदललेले सायलेन्सर होते. त्याच वेळी देवळात संध्याकाळचे भजन चालू होते आणि ते थांबले. कोणी भांडायला आले नाही, कोकणात असे चटकन कोणी येत नाही. पुढच्या महिन्यात मात्र सेक्रेटरींनी फोनवर अगदी सौम्य आवाजात विचारले, ‘पुढच्या खेपेला गाड्या माळावर लावून चालत याल काय?’ त्या सौम्यपणाचा अर्थ आम्हांला बरोबर कळला. तेव्हापासून गाड्या गावाबाहेर शाळेच्या मैदानालगत लावतो, तेथे परवानगी घेतलेली असते, आणि तेथून हॉलपर्यंत चालत जातो. बदललेला सायलेन्सर असलेली गाडी या फेरीत घेतली जात नाही.

जेवणाची व्यवस्था कोण करते, आणि संख्या आठ दिवस आधी का मागता?

हाही अनुभवाचाच धडा आहे. त्याच बावीस गाड्यांच्या वर्षी आम्ही पंधराजण येणार असे कळवले होते. खजिनदारांच्या घरी स्वयंपाक होता. सभा संपवून आम्ही पडवीत पानांवर बसलो, आणि स्वयंपाकघरातून भाताचे पातेले पुन्हा चुलीवर चढल्याचा आवाज आला. काकू बाहेर येऊन हसत म्हणाल्या, ‘सावकाश होऊ द्या, घाई नाय काय.’ पण तळलेल्या सुरमईच्या तुकड्या मोजून केलेल्या होत्या, आणि घरच्या माणसांनी त्या रात्री काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात खाल्ला, हे मला हात धुवायला मागच्या दारी गेलो तेव्हा दिसले. पाहुण्याने यजमानाचे ताट रिकामे करणे ही कोणत्याही पदवीतली बंधुता नव्हे.

आता संख्या आठ दिवस आधी ठरते, शाकाहारी किती ते वेगळे कळवले जाते, आणि जेवणाची रक्कम माणशी आगाऊ पाठवली जाते. लॉजने ती नाकारण्याचा प्रयत्न केला तेव्हा आम्ही ती त्यांच्या मदतनिधीत जमा झाल्याचे पाहून घेतले. ऐनवेळी कोणी रद्द केल्यास रक्कम परत मिळत नाही. ऐनवेळी कोणी वाढल्यास त्याने चिपळूणलाच जेवून यावे.

जेवणाच्या वेळी मद्य असते का?

रीतसर टोस्ट होतात, पेला कशाने भरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्याकडे बहुतेक पेले सोलकढीचे किंवा कोकम सरबताचे असतात. ज्याने मद्याचा एकही घोट घेतला त्याची किल्ली तुकडीप्रमुखाकडे जाते आणि सकाळी चहानंतर परत मिळते. शेवटचा टोस्ट परंपरेने टायलर देतात, जगात कोठेही संकटात असलेल्या बंधूंसाठी. तो झाल्याशिवाय कोणी उठू नये.

देणगीचे काय होते?

प्रत्येक स्वार नोंदणीबरोबर ठरावीक रक्कम देतो. ती त्या लॉजच्या दिवंगत बंधूंच्या कुटुंबांसाठी असते आणि कोणाला, किती द्यायची ते लॉज ठरवते, आम्ही नावे विचारत नाही. धनादेश देताना फोटो काढले जात नाहीत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मदत घेणाऱ्या घराला दुसऱ्या दिवशी बाजारात जायचे असते.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गाड्या नेता येतील का?

वाळूवर अजिबात नाही. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, आणि नेमके तेच आपल्या भेटीचे महिने आहेत. वाळूखाली दीड-दोन फुटांवर घरटे असते, वरून काहीही दिसत नाही. शिवाय खाऱ्या वाळूने साखळीचे जे होते ते दुरुस्तीच्या बिलात दिसते. किनारपट्टीवरून परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे.

परतीच्या फेरीबोटीची वेळ दर वर्षी का बदलते?

ज्यांना दापोलीकडून परतायचे असते ते धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरतात. सभा आम्ही शक्यतो पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी धरतो. थोडे चंद्रलॉजच्या आठवणीखातर, आणि थोडे हॉलपासून गाड्यांपर्यंत चालताना बॅटरी लागू नये म्हणून. परंतु पौर्णिमेला उधाण असते, भरती-ओहोटीतला फरक वाढतो, आणि ओहोटीच्या वेळी जेट्टीच्या उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. म्हणून वेळ घड्याळावर नव्हे, भरतीवर ठरते, आणि ती आदल्या रात्री जेवणाच्या वेळी सांगितली जाते. बोटीवर चढताना पहिला गियर, मागचा ब्रेक, दोन्ही पाय टेकण्याच्या तयारीत. बोट चालू असताना गाडी साइड स्टँडवर सोडून फोटो काढायला जाऊ नये, तिला धरून उभे राहावे.